दहा सेकंदांची पेनल्टी आणि दीड किलोची अपात्रता

एफ-वनच्या, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या, चाहत्यांच्या भांडणात दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, ‘समोरच्याला भिंतीत घातलं आणि फक्त दहा सेकंद?’ दुसरं, ‘दीड किलो वजन कमी भरलं म्हणून अख्खी रेस काढून घेतली?’ दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ टाकली की एफआयएला (या शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेला) काही ताळतंत्र नाही, असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही.

पण ही दोन प्रकरणं एका तराजूत घालायचीच नाहीत. पहिल्यात ड्रायव्हरच्या वागण्याबद्दल निवाडा होतो, दुसऱ्यात गाडीचं मोजमाप होतं. एक क्रीडा नियमावलीतलं, दुसरं तांत्रिक नियमावलीतलं. घोळ होतो कारण दोन्ही निकालांच्या कागदाखाली त्याच स्टुअर्ड मंडळींच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या, सह्या असतात आणि बातमीत दोन्हींना सरसकट ‘कारवाई’ म्हणतात.

आधी मोजमापाची बाजू घेऊ, कारण संताप तिथे जास्त असतो.

२०२४, बेल्जियम. जॉर्ज रसेलने स्पा-फ्रँकोर्शांला एकच पिट स्टॉप (टायर बदलण्याचा थांबा) घेऊन, झिजलेल्या टायरांवर, मागे लागलेल्या लुईस हॅमिल्टनला ०.५२६ सेकंदाने रोखून धरलं. त्या मोसमातल्या सर्वांत हुशार विजयांपैकी तो एक होता. मग गाडी वजनकाट्यावर गेली. टाकीतलं इंधन काढल्यावर वजन भरलं ७९६.५ किलो, किमान हवं होतं ७९८. रसेल बाद, हॅमिल्टन विजेता. कोणी लबाडी केली असा आरोपसुद्धा नव्हता. एकाच स्टॉपमुळे टायर फार झिजले होते, आणि स्पाला रेसनंतर पूर्ण फेरी न मारता गाड्या पिटमध्ये वळवतात, त्यामुळे इतरत्र परतीच्या फेरीत टायरांना चिकटणारं रबरही मिळालं नाही.

इथे चाहता विचारतो, दीड किलोने असा काय फायदा झाला? चला, करू हिशोब. पॅडॉकमधला (संघांच्या तळावरचा) ढोबळ ठोकताळा असा की १० किलो वजनाला फेरीमागे सुमारे ०.३ सेकंद. म्हणजे दीड किलोला ०.०४५. स्पाच्या ४४ फेऱ्यांना गुणलं तर जवळजवळ दोन सेकंद, आणि रसेल जिंकला अर्ध्या सेकंदाने. हॅमिल्टनचा चाहता खूश. पण थांबा, वजन टायर झिजत गेल्याने घटलं असेल तर गाडी पहिल्या फेरीपासून हलकी नव्हतीच, मग फायदा शेवटी शेवटीच मिळाला असेल. आता रसेलचा चाहता खूश. मग कोणीतरी म्हणणार की त्या झिजलेल्या टायरांनी जितका वेळ खाल्ला त्यापुढे हे वजन म्हणजे काहीच नाही.

हा वाद सुरूच होऊ नये म्हणून एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे: गाडी तांत्रिक नियमांत बसत नसेल, तर ‘आम्हाला त्याचा काही फायदा झाला नाही’ हा बचाव चालणार नाही. हेतू काय होता, फायदा किती झाला, चूक कोणाची, यातला एकही प्रश्न विचारला जात नाही. विचारला असता तर प्रत्येक संघाने शंभर इंजिनियर आणि एक सिम्युलेशन घेऊन स्टुअर्डांपुढे ठाण मांडलं असतं.

याचं सर्वांत बोचरं उदाहरण म्हणजे २०२१ चं हंगेरी. सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला. तपासणीसाठी गाडीतून एक लिटर इंधनाचा नमुना निघायला हवा होता, निघालं ०.३ लिटर. इंधन बेकायदा असल्याचं कोणी म्हटलं नव्हतं. टाकीत आणखी इंधन आहे, फक्त बाहेर काढता येत नाही, असा ॲस्टन मार्टिनचा दावा होता. तरीही व्हेटेल बाद. नमुना हवा म्हणजे हवा.

आणि २०२५ चं लास व्हेगास. लँडो नॉरिस दुसरा, ऑस्कर पियास्त्री चौथा, दोघेही विजेतेपदाच्या शर्यतीत. गाडीच्या तळाशी असलेल्या प्लँकची (फळीची) जाडी झिजूनही किमान ९ मिलिमीटर राहायला हवी. मॅक्लॅरनच्या दोन्ही गाड्यांची मिलिमीटरच्या अंशांनी कमी भरली आणि दोघेही बाद. हा भंग हेतुपुरस्सर नव्हता, हे स्टुअर्डांनी निकालातच लिहिलं. नॉरिसचे १८ गुण गेले. पुढे तो मॅक्स व्हर्स्टॅपेनपेक्षा अवघ्या दोन गुणांनी विजेता ठरला. निकाल उलटा लागला असता तर लास व्हेगासच्या त्या प्लँकवर अजून भांडणं चालली असती.

मला विचाराल तर या बाजूला अन्याय शोधायचाच असेल तर तो शिक्षेच्या आकारात नाही, तपासणीच्या व्याप्तीत आहे. २०२३ मध्ये ऑस्टिनला प्लँकसाठी चार गाड्या तपासल्या: हॅमिल्टन, शार्ल लक्लेर्क, व्हर्स्टॅपेन आणि नॉरिस. पहिल्या दोघांच्या नापास झाल्या. चारांतल्या दोन! मग उरलेल्या गाड्यांचं काय? प्रत्येक गाडीची प्रत्येक तपासणी रेसनंतरच्या वेळेत बसत नाही, हे कारण खरं आहे. पण तिथे पडलेला ‘मग त्यांची का नाही तपासली?’ हा प्रश्न मात्र चोख होता.

आता निवाड्याची बाजू. इथे सगळं उलटं.

२०२१, सिल्व्हरस्टोन, पहिलीच फेरी. कॉप्सच्या वळणावर हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन एकमेकांना लागले, व्हर्स्टॅपेन ५१ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) धक्क्याने टायरांच्या भिंतीत गेला आणि तपासणीसाठी रुग्णालयात. स्टुअर्डांनी हॅमिल्टनला ‘प्रामुख्याने’ दोषी धरलं, दहा सेकंद दिले. त्याने ते पिटमध्ये तेवढा वेळ थांबून भोगले आणि शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना लक्लेर्कला मागे टाकून रेस जिंकली. रेड बुलचे, म्हणजे व्हर्स्टॅपेनच्या संघाचे, चाहते अजून ते विसरलेले नाहीत.

त्यांचा राग कळतो, पण ‘समोरचा रुग्णालयात गेला आणि हा जिंकला’ हा युक्तिवाद स्टुअर्डांच्या चौकटीत बसतच नाही. टक्करीत ते कृती बघतात, परिणाम नाही. तीच चूक हळू वळणावर झाली असती, समोरचा नुसता गोल फिरून पुन्हा निघाला असता, तरी दंड त्याच मापाचा. आणि दिलेल्या दंडाची झळ पुढे किती बसेल याचाही ते हिशोब करत नाहीत. म्हणून दहा सेकंद खाऊन हॅमिल्टन सिल्व्हरस्टोनला जिंकतो, आणि २०२५ मध्ये बार्सिलोनाला रसेलवर गाडी घातल्याबद्दल मिळालेल्या आणि शेवटी वेळेत मिळवलेल्या त्याच दहा सेकंदांनी व्हर्स्टॅपेन पाचव्यावरून दहाव्यावर घसरतो, कारण सेफ्टी कारनंतर (धोका असताना सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी) सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून होत्या. २०१९ मध्ये कॅनडात तर पाचच सेकंदांनी व्हेटेलचा विजय गेला. गवतावरून परत येताना त्याने हॅमिल्टनची वाट अडवली असं स्टुअर्डांचं मत. रेसनंतर त्याने गाड्यांपुढचे एक आणि दोनचे फलक अदलाबदल केले, तो प्रसंग चाहत्यांना निकालापेक्षा जास्त आठवतो.

मोजमापात जे प्रश्न बाद आहेत, त्यांच्यावरच इथे सगळी भिस्त. आतल्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्याच्या पुढच्या चाकांचा आस वळणाच्या टोकाशी समोरच्याच्या आरशापर्यंत पोचला होता का? गाडी ताब्यात होती का? फायदा घेतला का, परत दिला का? हेतूसुद्धा. २००६ मध्ये मोनॅकोला पात्रता फेरीच्या शेवटी मायकेल शूमाकरने रास्कासच्या वळणावर गाडी ‘बंद पडू’ दिली, तेव्हा स्टुअर्डांनी ते मुद्दाम केल्याचं ठरवून त्याला ग्रिडच्या (सुरुवातीच्या रांगेच्या) तळाशी पाठवलं. त्या निष्कर्षाला पोचायला कोणताही वजनकाटा उपयोगाचा नव्हता.

चार माणसं बसून निवाडा देणार, रेसगणिक मंडळ बदलणार, म्हटल्यावर निकाल डगमगणारच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्टिनला व्हर्स्टॅपेन आणि नॉरिस दोघेही एकाच वळणावर ट्रॅकबाहेर गेले. बाहेरून पुढे निघाल्याबद्दल पाच सेकंद नॉरिसला, आणि तिसरा क्रमांक व्हर्स्टॅपेनला. पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोत त्याच दोघांच्या झटापटीत व्हर्स्टॅपेनला दहा-दहा सेकंदांच्या दोन पेनल्ट्या. दोन्ही निकाल नियमांत बसवता येतात. तरी प्रेक्षकाला वाटतं की आठवड्यात नियम बदलला. एफआयएने २०२५ मध्ये दंडांची आणि ओव्हरटेकची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली ती याच तक्रारीमुळे. आता निदान कोणत्या निकषावर भांडायचं ते तरी समजतं.

दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघायचे असतील तर २०२१ चं ब्राझील बघा. इंटरलागोसला शुक्रवारी हॅमिल्टन पात्रता फेरीत पहिला आला. तपासणीत मागच्या पंखातली डीआरएसची (ओव्हरटेकसाठी पंखाची पाती उघडणाऱ्या यंत्रणेची) फट ८५ मिलिमीटरच्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त निघाली. पात्रता फेरीतून बाद. काहीतरी बिघडलं होतं, मुद्दाम केलं नव्हतं, हे स्टुअर्डांना मान्य होतं, उपयोग शून्य. त्याच दरम्यान व्हर्स्टॅपेनने उभ्या असलेल्या हॅमिल्टनच्या गाडीच्या पंखाला हात लावून पाहिला होता. ते नियमाबाहेर, पण त्याने नुकसान झालं नाही असा विचार करून स्टुअर्डांनी ५०,००० युरो दंडावर सोडलं. मर्सिडीजच्या चाहत्यांनी अर्थातच विचारलं, पंखाला हात लावणारा सुटतो आणि पंखाचा मालक बाद? हो. कारण एकाची गाडी मोजली गेली आणि दुसऱ्याचं वागणं जोखलं गेलं.

पुढची गंमत अशी की नवं इंजिन बसवल्याबद्दल हॅमिल्टनला रविवारच्या ग्रिडवर पाच जागांचा दंडही होता. हा तिसराच प्रकार, ठरलेल्या संख्येपलीकडे सुटे भाग वापरल्याची ठरलेली किंमत. संघ ती आधीच हिशोबात धरतात, त्यात लाज नाही की नैतिकता नाही. शनिवारच्या छोट्या स्प्रिंट शर्यतीत तो शेवटून सुरुवात करून पाचवा आला होता, म्हणून रविवारी दहाव्या क्रमांकावरून सुटला. ४८ व्या फेरीत चौथ्या वळणावर व्हर्स्टॅपेनने त्याला रोखताना दोघेही रुंद बाहेर गेले, आणि स्टुअर्डांनी चौकशीचीसुद्धा गरज मानली नाही. त्यावर वाद घालायला भरपूर जागा आहे, मी स्वतः तिथे पेनल्टी दिली असती. पंखाच्या फटीवर मात्र नाही. रेस शेवटी हॅमिल्टननेच जिंकली.

सीमारेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते, हेही सांगायला हवं. १९९९ मध्ये मलेशियात फेरारीच्या दोन्ही गाड्या बार्जबोर्डच्या (बाजूने हवा वळवणाऱ्या पात्यांच्या) मापावरून बाद झाल्या, आणि अपिलात मापनातली सूट धरून परत आल्या. म्हणजे माप अंतिम, पण ते कसं घेतलं यावर वकील लावता येतो. २०२० मध्ये रेसिंग पॉइंटने मर्सिडीजच्या रचनेवरून ब्रेक डक्ट (ब्रेकना हवा पोचवणारे भाग) बनवले, तेव्हा ते भाग तांत्रिकदृष्ट्या कायदेशीर होते. आक्षेप होता ते कुठून आले याला, आणि तो क्रीडा नियमावलीचा विषय. म्हणून गाडी बाद झाली नाही. १५ गुण कापले आणि ४ लाख युरो दंड झाला.

चाहत्यांची लाडकी मागणी म्हणजे सातत्य. मला ती अर्धीच पटते. निवाड्यात पूर्ण सातत्य हवं असेल तर निवाड्याचं मोजमाप करून टाकावं लागतं, आणि ते कसं दिसतं हे ट्रॅक लिमिट्समध्ये पाहिलेलं आहे. चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर म्हणजे भंग, इतका सोपा नियम. २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये अशा संशयित भंगांची संख्या १,२०० च्या वर गेली, सगळे रेस संपेपर्यंत तपासूनच झाले नाहीत, आणि ॲस्टन मार्टिनच्या हरकतीनंतर काही तासांनी आठ ड्रायव्हरांना नव्याने वेळेचे दंड लागले. नियमाचं सातत्य शंभर टक्के, आणि समाधानी माणूस शोधून सापडेना. पुढच्या वर्षी तिथल्या शेवटच्या दोन वळणांबाहेर ग्रॅव्हलची पट्टी टाकली. रुंद गेलं की खडी लागते आणि वेळ जातो, त्यासाठी स्टुअर्डांना व्हिडिओ बघत बसावं लागत नाही.