सहा अक्षरांत कोंबलेली नावं: फंक्शनचं नाव आणि त्याचं उत्तर यांची ताटातूट कशी झाली

मागच्या दिवाळीआधी नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याचं बिलिंग आम्ही जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर आणत होतो. त्यात एक फंक्शन (ठरलेलं काम करून बहुधा उत्तर परत देणारा कोडचा तुकडा) होतं, सी-एच-के-सी-आर-डी, बस एवढंच नाव, आणि काम काय तं पार्टीची उधारी लिमिटमध्ये आहे का ते बघायचं. टीममधल्या पोराने वाचलं "चेक क्रेडिट", म्हणजे खरं आलं तं बिल बनू द्या, खोटं आलं तं थांबवा, आणि तसा इफ, म्हणजे अट, लावला. जुन्या कोडात शून्य म्हणजे "सगळं ठीक" होतं, आणि इफ शून्याला खोटं धरतो. मग झालं उलटं, चोख पैसे देणाऱ्या पार्ट्यांची बिलं अडकली आणि ज्यांची उधारी डोक्यावरून गेली होती त्यांचा माल टेम्पोत चढला. मी पोराला बोललो नाही, कारण शून्य म्हणजे हो की नाही हे त्या नावात कुठंच लिहिलं नव्हतं.

आता ज्याने ते नाव ठेवलं तो आळशी होता असंही मी म्हणणार नाही, हे फार मागून आलंय.

1957 मध्ये आयबीएमची फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली. ती 704 या मशीनसाठी, आणि त्या मशीनचा एक वर्ड, म्हणजे एका वेळी हाताळायचा कप्पा, 36 बिटचा, एक अक्षर 6 बिटचं, म्हणजे एका वर्डात बरोबर सहा अक्षरं. नाव सहा अक्षरांचं, विषय संपला. 1958 च्या फोरट्रान टू मध्ये स्वतःची फंक्शन्स लिहायची सोय झाली, पण नावाचं पहिलं अक्षर आय ते एन मधलं असलं की उत्तर पूर्णांक, बाकी अक्षरांना दशांश. म्हणजे व्याजाच्या फंक्शनला इंटरेस्टवरून आय ने सुरू होणारं नाव दिलं की पैसे उडाले, फक्त रुपये हातात! नाव अर्थासाठी नाही, मशीनसाठी ठेवायचं ही सवय तेव्हापासूनची.

धंद्याच्या प्रोग्रॅमिंगसाठी 1959 मध्ये कोबोल या भाषेचं काम सुरू झालं, त्यामागे संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा मोठा वाटा. इथे नावाला 30 अक्षरं आणि मध्ये हायफन, त्यामुळे "कॅल्क्युलेट-इंटरेस्ट" असं पूर्ण लिहिता यायचं, मला आजही ते वाचायला बरं वाटतं. पण उत्तर परत देणारं फंक्शन स्वतः लिहायची सोय सुरुवातीला नव्हतीच, पॅराग्राफ, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, चालवायचा आणि निकाल सगळ्यांच्या सामायिक डेटात टाकायचा. ती सोय स्टँडर्डमध्ये 2002 ला आली. म्हणजे बघा, एकाकडे उत्तर होतं पण नावाला जागा नाही, दुसऱ्याकडे जागा होती पण उत्तर नाही.

मग सी ही भाषा आली आणि आपल्याकडच्या बहुतेकांनी कॉलेजात तेच गिरवलं. सी जिच्यासोबत वाढली त्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रॅम नीट संपला की शून्य, कारण यश एकाच प्रकारचं असतं आणि बिघाड शंभर प्रकारचे, त्यांना वेगवेगळे नंबर लागतात. विचार चांगलाच आहे. पण त्याच भाषेत इफ मध्ये शून्य म्हणजे खोटं. दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या ओळी, जुळवणारं एस-टी-आर-सी-एम-पी त्या सारख्या असल्या की शून्य देतं, आणि नवीन माणूस दरवर्षी तिथेच आपटतो. 1989 च्या ॲन्सी सी मध्येसुद्धा, म्हणजे सी च्या अमेरिकी स्टँडर्डमध्ये, दुसऱ्या फाइलमधून वापरायच्या नावाची पहिली सहा अक्षरंच धरली जातील एवढीच हमी होती. आपल्या दुकानदारीच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबेस नि फॉक्सप्रो हे डेटाबेस प्रोग्रॅम चालायचे, तिथे डेटा ठेवायच्या डीबीएफ फाइलच्या कॉलमला 10 अक्षरं.

सुधारणा आली ती आयफेल ही भाषा बनवणाऱ्या बर्ट्रांड मेयर यांच्याकडून: प्रश्न विचारणारं फंक्शन काही बदलणार नाही आणि बदलणारं उत्तर देणार नाही. नंतर जावा भाषेतल्या जावाबीन्स या पद्धतीने 1997 च्या आसपास गेट, सेट, इज ही नावं घराघरात पोचवली, "इज" म्हटलं की उत्तर हो किंवा नाही.

आम्ही त्या फंक्शनचे तीन तुकडे केले. "इज-ओव्हर-क्रेडिट-लिमिट" फक्त खरं-खोटं देतं, "गेट-अव्हेलेबल-क्रेडिट-इन-रुपीज" शिल्लक रक्कम देतं, आणि "होल्ड-बिल" बिल थांबवतं, काही परत देत नाही. डीबीएफमधला सहा अक्षरी कॉलम मात्र तसाच ठेवलाय, मुनीमजींचे एक्सेलचे रिपोर्ट त्याच नावाला जोडलेले आहेत, ते मार्चनंतर बघू.