दारूबंदीच्या जिल्ह्यातून वाइनच्या गावात: टुलबाखबद्दल थोडंसं

केपटाऊन टूरच्या प्लॅनमधे टुलबाखचे दोन मुक्काम दिसले की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असते, काकू लोकं तर डायरेक्टच विचारतात, अहो आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा अन् तुम्ही आम्हाले दारूच्या गावी कायले नेऊन राहिले? म्हणून हा कागद.

साउथ आफ्रिकेत केपटाऊनपासून सव्वाशेक किलोमीटरवर हे गाव. विंटरहूक, विट्झेनबर्ग अन् ओबिक्वा हे डोंगर आजूबाजूले, मधात खोरं, त्यात द्राक्षाचे मळे, शिवाय पीच, प्लम, नाशपतीच्या बागा. थंडीत डोंगरावर बर्फ पडते. डच लोकांनी १७०० च्या सुमारास इथं शेती धरली, जुनं चर्च १७४३ चं आहे.

खरी पाहायची गोष्ट चर्च स्ट्रीट. २९ सप्टेंबर १९६९ च्या रात्री ६.३ रिश्टरचा भूकंप झाला अन् गावातल्या जुन्या घरांची पार दशा झाली, आपल्या किल्लारीचा पण सप्टेंबर सरतासरताच झाला होता बघा. पण इथं पडकी घरं काढून स्लॅब नाही टाकले, या एका गल्लीतली ३२ घरं जुन्या केप डच पद्धतीनंच परत उभी केली, पांढऱ्या भिंती, गवताचं छप्पर, दारावर वळणदार कपाळ. आपले वाडे आठवतात अन् जरा वाईटच वाटते.

आता वाइन. पिणं कम्पल्सरी नाही. टेस्टिंगमधे ग्लासात घोटभर देतात, चव घेऊन बादलीत थुंकलं तरी कोणी काही म्हणत नाही, पण ती बादली वाइनसाठी आहे, खर्ऱ्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शेतकऱ्याले मजा सीझनची येते. तिकडं पाऊस जून ते ऑगस्ट, भर थंडीत, अन् उन्हाळा कोरडा, म्हणून द्राक्ष पिकताना पावसानं सडायची भीती कमी. तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमधे. गडबड हीच की आपला मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीले फुलणारा संत्रा पण तेव्हाच तोडायले येते. आंबिया बहारवाले, म्हणजे ज्याहिचा संत्रा थंडी सरताना फुलते, ते तोवर मोकळे झालेले असतात, त्याहिले फेब्रुवारी जमते. म्हणून बुकिंगले याल तेव्हा पासपोर्ट तर आणाच, पण बाग कोणत्या बहाराची ते पहिले सांगा, मग तारीख पाहू.