मूत्रमार्गाचा जिवाणुसंसर्ग

मूत्रपिंडांपासून मूत्रोत्सर्ग नलिकेपर्यंतच्या मार्गात कोठेही जिवाणूंची वाढ झाल्याने होणारा विकार. कोल्हापूर भागात ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात, ती जळजळ कधी या संसर्गाची, तर कधी नुसते पाणी कमी पडल्याची असते.

चरकसंहितेत (सध्याचे रूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले) मूत्रकृच्छ्राचे (कष्टाने लघवी होण्याचे) आठ प्रकार आहेत. पैत्तिक प्रकारातील पिवळी, सरक्त, दाहयुक्त व वारंवार होणारी लघवी या विकाराशी जुळते. तथापि त्याच आठांत अश्मरीही (मुतखडाही) येत असल्याने मूत्रकृच्छ्र व जिवाणुसंसर्ग एकच मानणे सयुक्तिक वाटत नाही.

बहुतेक रुग्णांत आतड्यातील ए. कोलाय हा जिवाणू कारणीभूत असतो. टेओडोर एशेरिख यांनी त्याचे वर्णन 1885 मध्ये केले. अंगावरील सूक्ष्म तंतूंनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, म्हणून लघवीच्या धारेबरोबर सगळाच वाहून जात नाही. स्त्रियांची मूत्रोत्सर्ग नलिका सुमारे 4 सेंमी. असल्याने त्यांच्यात हा विकार अधिक आढळतो.

निदानात खरा वाद आहे तो जिवाणूंच्या संख्येचा. एडवर्ड कास यांनी 1956 च्या सुमारास मिलिलिटरमागे 1,00,000 जिवाणू ही मर्यादा रूढ केली. तिचा मूळ हेतू लक्षणे नसलेल्या स्त्रियांत खरा संसर्ग आणि नमुना घेताना मिसळलेले जंतू वेगळे करणे हा होता. पुढे ती सरसकट वापरली गेली. लक्षणे असलेल्या स्त्रियांत 100 इतकी संख्याही पुरेशी ठरते, असे वॉल्टर स्टॅम व सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखविले. जळजळ स्पष्ट असताना हेच मत अधिक ग्राह्य धरावे. दोन्ही आकड्यांना एक अट मात्र लागू आहे : मधल्या धारेचा (सुरुवातीची लघवी सोडून घेतलेला) नमुना 2 तासांत प्रयोगशाळेत पोचावा, नाहीतर सुमारे 4° से. तापमानात ठेवावा. चंदगड किंवा गगनबावड्याहून कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात वा खासगी प्रयोगशाळेत येईपर्यंत उघड्या उष्णतेत राहिलेल्या बाटलीत जिवाणू वाढतात आणि अहवालातील आकडा फुगतो.

केवळ मूत्राशयापुरता संसर्ग असलेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांना नायट्रोफ्युरँटॉइन (100 मिग्रॅ. दिवसातून दोनदा, 5 दिवस) किंवा फॉस्फोमायसीन (3 ग्रॅ., एकच मात्रा) देतात. मूत्रपिंडाच्या ऊतकात ही औषधे पुरेशी पोचत नाहीत. त्यामुळे थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे वा उलट्या असल्यास निराळी प्रतिजैविके, प्रसंगी शिरेतून, द्यावी लागतात. सिप्रोफ्लॉक्सॅसीन पूर्वी सर्रास लिहून दिले जाई, भारतातील ए. कोलायमध्ये त्याला दाद न देण्याची क्षमता फार वाढल्याने संवर्धन-चाचणी (जिवाणू वाढवून कोणते औषध लागू पडते हे पाहण्याची चाचणी) न पाहता ते देणे योग्य नाही. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणलेल्या दोन-तीन गोळ्यांनी जळजळ थांबते, जंतू उरतात. लक्षणे नसताना केवळ अहवालात जिवाणू दिसले म्हणून औषध देत नाहीत. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रिया हे अपवाद. पुरुष व मुले यांच्यात मूळ कारण शोधावे लागते.

धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा हे घरगुती उपाय प्रचलित आहेत. वारंवार संसर्ग होणाऱ्या व मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज 1.5 लिटर जादा पाणी प्यायल्यास पुनरावृत्ती जवळपास निम्म्याने घटते, असे 2018 मधील एका चाचणीत आढळले. हा उपाय मात्र सगळ्यांना शक्य नसतो : गाळप हंगामात उसाच्या फडात आडोसा नसल्याने तोडणीच्या बायका मुद्दाम कमी पाणी पितात.