तापवल्यावर भोक लहान होतं? नाही, मोठंच होतं

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये एक समज अजून टिकून आहे: रिंग तापवली की धातू आतल्या बाजूनेही फुगतो, म्हणून भोक आवळतं. हे साफ चूक आहे. सगळीकडून सारखी तापलेली रिंग, फोटो मोठा करून काढावा तशी, प्रत्येक मापात वाढते; भोकही त्यातच आलं. भोक लहान व्हायचं तर त्याच्या कडेचा परीघ आखडायला हवा, आणि तापलेलं पोलाद लांबतं.

हिशेबच करा. पोलाद दर अंशाला दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढतं. ५० मिमी भोकाचं बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारी पोलादी रिंग) ३० वरून ११० अंशांवर नेलं की भोक सुमारे ०.०४८ मिमीने मोठं होतं. शाफ्टवर, म्हणजे त्या दांड्यावर, सरकवायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

गॅसची ज्योत मात्र लावू नका. एकच बाजू तापते, भोक लंबगोल होतं, पोलादाचा कडकपणाही उतरतो. इंडक्शन हीटर (चुंबकीय क्षेत्राने तापवणारं विजेचं यंत्र) वापरा, १२० अंशांच्या वर जाऊ नका. सीलबंद बेअरिंगला ८० पुरे, नाहीतर ग्रीस आणि सील खराब होतात. बसवल्यावर थंड होईपर्यंत शाफ्टच्या खांद्याला (शाफ्ट जिथे जाड होतो त्या पायरीला) दाबून धरा. थंड होताना रिंग रुंदीतही आकसते आणि तिथे फट राहते.