फुगू: विषारी मासा, ४०० वर्षांची बंदी आणि तरी न सुटलेली चटक

फुगूचा विषय निघाला की सगळे एकच म्हणतात, जपानी लोक जिवावर उदार होऊन मासा खातात, पण मला विचाराल तर त्या थरारापेक्षा कायद्याची भानगड जास्त भारी आहे, कारण ४०० वर्षं कुणी ना कुणी यावर बंदी घालतंय आणि लोक खातायतच. (नावावर जाऊ नका, आपल्या फुगण्याशी संबंध नाही, मासा फुगतो हा निव्वळ योगायोग.) मालवणकडे याचेच भाऊबंद जाळ्यात येतात, त्यांना केंड म्हणतात, ते जाळी फाडतात म्हणून मच्छीमार वैतागलेले असतात.

जपानमध्ये हे खाणं फार जुनं, जोमोन काळातल्या, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या, शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांत सुद्धा फुगूची हाडं सापडलीयत. बंदीची गोष्ट सुरू होते १५९२ च्या आसपास. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर स्वारीसाठी क्युशू बेटाच्या किनाऱ्यावर सैन्य गोळा केलं, तिथे सैनिकांनी फुगू खाल्ला आणि लढाईआधीच माणसं मरायला लागली, म्हणून त्याने खाण्यावरच बंदी आणली. पुढे तोकुगावा घराण्याच्या राजवटीत (१६०३ ते १८६८) चोशू संस्थान सगळ्यात कडक, तिथला सामुराई फुगू खाऊन मेला तर घराण्याची वतनदारीच जायची. म्हणजे मेलात ते मेलात, वर पोराबाळांचंही वाटोळं.

आणि गंमत बघा, बंदी उठवली ती चोशूच्याच माणसाने. इतो हिरोबुमी, जपानचे पहिले पंतप्रधान, शिमोनोसेकीच्या शुनपानरो नावाच्या ठिकाणी उतरले होते, समुद्र खवळलेला, बाजारात दुसरा मासाच नाही, तेव्हा मालकिणीने शिक्षा झाली तर झाली म्हणून फुगू वाढला असं सांगतात. इतोंना आवडला (तरुणपणी चोरून खाल्लेला असणारच असंही म्हणतात) आणि १८८८ मध्ये त्या प्रांतापुरती बंदी उठली. शिमोनोसेकी आजही फुगूचं मोठं केंद्र आहे. तिथे त्याला फुकू म्हणतात, म्हणजे नशीब, आणि लिलावात भाव बोलून ठरत नाही, एका कापडी पिशवीत हात घालून बोटं दाबून ठरतो. ओसाकात मात्र नाव तेप्पो, म्हणजे बंदूक. लागली की खेळ खल्लास!

विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन, हे नाव १९०९ मध्ये तहारा योशिझुमी यांनी दिलं. साधारण एक-दोन मिलिग्रॅम सुद्धा माणसाला पुरतं, शिजवून जात नाही, आणि उतारा आजही नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, मग श्वासाचे स्नायू थांबतात, आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा माणूस शुद्धीवर असतो, सगळं कळत असतं पण पापणीही हलवता येत नाही. वेळेत व्हेंटिलेटरवर घेतलं आणि पहिला दिवस काढला तर बहुतेक वाचतो. विष मासा स्वतः बनवत नाही, ते समुद्रातल्या बॅक्टेरियातून खाद्यावाटे त्याच्यात साठतं, मुख्यतः लिव्हर आणि अंडाशयात.

मग खातात कशासाठी? चव तशी सौम्यच मानतात, मजा असते ती चावण्यात. काप इतके पातळ की खालच्या प्लेटवरची नक्षी दिसते, शेवंतीच्या फुलासारखे मांडलेले. माशाचा भाजलेला पर गरम साकेत (तांदळाच्या दारूत) टाकून पितात, वर हिवाळ्याची थंडी.

खरा धक्का बसला तो १९७५ मध्ये. बांदो मित्सुगोरो आठवे, काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातले मोठे नट, यांनी क्योतोत लिव्हरच्या चार प्लेट खाल्ल्या आणि गेले. काही वर्षांनी लिव्हर वाढायलाच देशभर बंदी आली. परवान्याची पद्धत त्याआधीच, १९४८-४९ च्या सुमारास ओसाका आणि तोकियोत सुरू झाली होती. परवानावाला शेफ विषारी भाग वेगळे काढतो, ते कुलूपबंद डब्यात जातात, साध्या कचऱ्यात नाही. म्हणून हॉटेलात आता सहसा कुणी मरत नाही, मरतात ते घरी स्वतःच कापणारे हौशी लोक. इशिकावा प्रांतात मात्र तेच विषारी अंडाशय मिठात आणि तांदळाच्या कोंड्यात दोन-तीन वर्षं मुरवून खातात. विष नेमकं कसं उतरतं ते संशोधकांनाही पूर्ण उलगडलेलं नाही!

जानेवारी २०१८ मध्ये गामागोरी शहरात एका सुपरमार्केटने चुकून लिव्हरसकट पाच पाकिटं विकली, तेव्हा शहराने भूकंपासारख्या संकटासाठी लावलेले लाऊडस्पीकर सुरू केले आणि गावभर घोषणा केली, की आज फुगू आणला असेल तर खाऊ नका, परत करा.