स्लॅब टाकण्याआधी घरात फिरून या

घर बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी, लातूर

बांधकामाआधी आम्ही तुमच्या घराचं थ्रीडी मॉडेल कॉम्प्युटरवर उभं करून दाखवतो. ते कशासाठी, ते सांगतो.

आर्किटेक्टच्या नकाशात मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि मिस्त्री फूट, इंच, सुतात काम करतात. तरी २३० म्हणजे नऊ इंची भिंत आणि ११५ म्हणजे साडेचार इंची, हे जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ असतं. खरी अडचण उंचीची. प्लॅन वरून पाहिलेला असतो, त्यात उंची दिसतच नाही. ती सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभं कापल्यासारखं दाखवणाऱ्या नकाशात असते, आणि सेक्शनचा कागद साइटवर बहुतेक वेळा सिमेंटच्या गोण्यांखाली सापडतो.

जिन्याखाली संडास हा आपल्याकडचा हमखास प्रकार. औशाकडच्या एका कामात प्लॅनवर तो अगदी नीट बसला होता. आम्ही थ्रीडी मॉडेल करून लॅपटॉपवर मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हितं माणूस उभा कसा ऱ्हाणार?" मजल्याची उंची दहा फूट, मधलं लँडिंग पाच फुटांवर, त्यातून लँडिंगची जाडी सहा इंच गेली. राहिले साडेचार फूट! आर्किटेक्टनी तिथंच बसून जिना बदलला. अठरा पायऱ्या नऊ-नऊ अशा होत्या, त्या बारा आणि सहा केल्या, तेव्हा खाली सहा फूट दोन इंच मिळाले. त्यापायी जिना अडीच फूट लांबला आणि हॉल तेवढा आखूड झाला. मालकांनी कुरकुर केली, पण सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा, खोलल्यावर हे लक्षात आलं असतं तर ब्रेकर लावावा लागला असता.

रंगीत चित्र वेगळं, मॉडेल वेगळं

संध्याकाळचा उजेड, दारात गाडी, कडेला पामचं झाड असं चित्र पाहुण्यांना दाखवायला छान. मिस्त्रीला त्याचा काडीचा उपयोग नाही. आम्ही स्केचअप किंवा रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये कॉलम, बीम, स्लॅब, पाइप खऱ्या मापाने उभे करतो. आर्किटेक्टच्या भिंती आणि आरसीसीवाल्यांचे बीम एकमेकांवर ठेवले की भांडणं आपोआप दिसतात: बाथरूमचा चार इंची पाइप नेमका बीममधून चाललाय, दार उघडलं की स्विचबोर्ड त्याच्यामागे दडतोय.

सळईचं मात्र आम्ही जास्त मनावर घेतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथं कुणाला सांगायला नको. किल्लारी भागात पडली ती बहुतेक दगड-मातीची जाड भिंतींची घरं होती. आज आपण आरसीसी फ्रेम बांधतो, आणि भूकंपात तिची मदार बऱ्याच अंशी रिंगांवर, म्हणजे मुख्य सळयांभोवती बांधलेल्या कड्यांवर असते. रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवायचं असतं, म्हणजे ते काँक्रीटच्या गाभ्यात रुतून बसतं. कागदावर ती एक बारीकशी रेघ असते, म्हणून सवयीने काटकोनात वळवून मोकळे होतात. आम्ही एकच जोड मोठा करून, प्रत्येक सळईला वेगळा रंग देऊन, फिरवून दाखवतो. बार बेंडिंगवाले पाच मिनिटांत समजून घेतात. कित्येकदा उलट आम्हालाच सांगतात की इतक्या सळया एका ठिकाणी आल्या तर खडी खाली उतरणार नाही.

बैठका

बैठका दोन: एक प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवरच्या बीमच्या) आधी, दुसरी स्लॅबच्या आधी. आर्किटेक्ट, आरसीसी इंजिनिअर, मिस्त्री, सेंट्रिंगवाले, प्लंबर, वायरमन आणि तुम्ही, सगळे हवेत. सेंट्रिंगवाले आले नाहीत तर आम्ही बैठक पुढे ढकलतो, राग मानू नका. ठरलेली मापं फूट-इंचात छापून, लॅमिनेशन करून साइटवर टांगतो. मोबाइलवरही मॉडेल उघडतं, पण एप्रिलच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.

मॉडेल जमिनीखालचं सांगत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मातीची तपासणी वेगळी करून घ्या. आरसीसी ड्रॉइंगच्या जागीही ते चालत नाही. आणि साइटवर एखादी भिंत सरकवली तर त्याच दिवशी कळवा, नाहीतर मॉडेल एकीकडे आणि घर दुसरीकडे.

येताना आर्किटेक्टची ऑटोकॅड फाइल आणा. व्हॉट्सअॅपवरचा नकाशाचा फोटो चालणार नाही. सोबत आरसीसी ड्रॉइंग आणि प्लॉटच्या चारही बाजू व दोन्ही कर्ण टेपने मोजून आणा. कागदावरचं माप आणि जागेवरचं माप पुष्कळदा जुळत नाही.