मृत सैनिकाच्या दाखल्यावरील शेरा : अमेरिकेतील एका तरतुदीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडणाऱ्याला सेवामुक्तीचा दाखला मिळतो आणि त्याची सेवा कशी झाली याचा शेरा त्यावर असतो. शेरा प्रतिकूल असेल तर माजी सैनिकाच्या अनेक सवलती, राष्ट्रीय दफनभूमीतील जागा आणि कित्येकदा विधवेचा भत्ताही हातचा जातो. त्यामुळे सैनिक हयात नसतानाही त्याचे वारस हा शेरा बदलून मागतात. तशी तरतूद कायद्यात आहे. मात्र तिला सध्याचे रूप टप्प्याटप्प्याने आले.

1946 पर्यंत लष्करी नोंदीतील चूक सुधारण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्या एका व्यक्तीपुरते विधेयक काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, मंजूर करून घेणे. हेन्री फ्लिपर यांनी हाच मार्ग धरला होता. गुलामगिरीत जन्मलेले फ्लिपर 1877 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झालेले पहिले कृष्णवर्णीय अधिकारी होते. पुढे टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथे त्यांच्या ताब्यातील सरकारी रकमेत तूट निघाली. लष्करी न्यायालयाने त्यांना अपहाराच्या आरोपातून निर्दोष सोडले, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल दोषी ठरवले आणि 30 जून 1882 रोजी ते बडतर्फ झाले. त्यांच्यासाठी वारंवार विधेयके मांडली गेली, त्यांतले एकही संमत झाले नाही, आणि 1940 मध्ये कलंक तसाच ठेवून ते वारले.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न एकेकट्या अधिकाऱ्यापुरता उरला नाही. निळ्या कागदावर छापलेली, ना सन्मान्य ना अपमानास्पद अशी एक सेवामुक्ती तेव्हा प्रचलित होती. समलिंगी असल्याचा ठपका आलेल्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला ती मोठ्या प्रमाणात आली. कागदोपत्री तटस्थ असलेल्या या निळ्या दाखल्याकडे पाहून मालक नोकरी नाकारत आणि माजी सैनिकांचे खाते सवलती अडवत असे. 1947 मध्ये हा प्रकार बंद झाला, तरी आधी दिलेले दाखले आपोआप बदलले नाहीत.

जून 1944 मध्ये झालेला माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा शिक्षण आणि घरकर्जासाठी ओळखला जातो. त्याच्या 301व्या कलमाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सेवामुक्तीचा फेरविचार करणारी पाच सदस्यांची मंडळे त्याच कलमाने निर्माण झाली आणि सैनिक मृत असल्यास हयात जोडीदार, जवळचे नातेवाईक किंवा कायदेशीर प्रतिनिधी यांना अर्जाचा अधिकार मिळाला. मृताच्या वतीने दाद मागण्याची सोय ही नंतर दाखवलेली उदारता नव्हे, ती मुळातच कायद्यात होती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. तथापि जनरल कोर्ट मार्शलच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या लष्करी न्यायालयाच्या, शिक्षेने झालेल्या बडतर्फीला या मंडळांना हात लावता येत नव्हता आणि अर्जाची मुदत 15 वर्षांची होती. 1946 च्या कायद्याने काँग्रेसने अशा खासगी विधेयकांचे ओझे स्वतःवरून उतरवले व लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांचा पाया घातला. चूक कळल्यापासून तीन वर्षांत त्यांच्याकडे अर्ज करायचा असतो, पण न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ विलंब माफ करू शकते. जुन्या प्रकरणांतील वारसांची सारी भिस्त या एका वाक्यावर असते.

फ्लिपर यांच्या वंशजांचा अर्ज याच मार्गाने गेला. 1976 मध्ये मंडळाने दोषसिद्धी रद्द केली नाही. शिक्षा अवाजवी कठोर होती एवढेच म्हटले, आणि सैन्याने 30 जून 1882 याच तारखेची सन्मान्य सेवामुक्ती दिली. 1999 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना मरणोत्तर माफीही दिली.

याआधी 1972 मध्ये टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावातील गोळीबाराचा ठपका आलेल्या 167 कृष्णवर्णीय सैनिकांना सैन्याने सन्मान्य ठरवले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 मध्ये खटला न चालवताच त्यांना काढून टाकले होते, आणि निर्णय फिरला तेव्हा त्यांतले जवळजवळ सगळे मरण पावले होते.

वारसांपुढची खरी अडचण बहुधा पुराव्याची असते. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुई येथील लष्करी नोंदींच्या केंद्राला आग लागून सुमारे 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली नष्ट झाल्या. 1912 ते 1960 या काळात सैन्यातून सुटलेल्यांच्या सुमारे 80 टक्के नोंदी त्यांत गेल्या. मृत्यूचा आणि नात्याचा दाखला जमवणे त्या मानाने सोपे असते. नोंदी मागवताना जवळच्या नातेवाइकांच्या व्याख्येत नातवंडे बसत नाहीत, आणि इतक्या जुन्या प्रकरणांत दाद मागायला बहुतेक वेळा नातवंडेच उरलेली असतात.

1917 मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झालेल्या दंगलीच्या प्रकरणात 24व्या इन्फन्ट्री या पायदळ पलटणीच्या 110 कृष्णवर्णीय सैनिकांना दोषी ठरवून 19 जणांना फाशी दिली गेली होती. वंशज आणि कायद्याचे अभ्यासक यांच्या पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर 2023 मध्ये सैन्याने या सर्वांची दोषसिद्धी रद्द केली आणि त्यांची सेवा सन्मान्य ठरवली. फाशी गेलेल्यांपैकी ज्यांच्या थडग्यांवर तोवर केवळ नाव आणि मृत्यूची तारीख होती, त्यांच्यासाठी हुद्दा आणि पलटण कोरलेले नवे दगड 2024 मध्ये फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या दफनभूमीत बसवण्यात आले.